तळ्यातला कोळसा आधी रोळून घ्या

मा. अध्यक्ष, कोल इंडिया लिमिटेड, कोलकाता यांस,



झरिया-धनबाद पट्ट्यातल्या तुमच्या जुन्या वॉशऱ्यांची, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यांची, स्लरी (कोळशाच्या भुकटीचा गाळ) वर्षानुवर्षे तळ्यांत साचत आली. आता ती माती-दगडासकट लिलावात निघते. खरं तर हा पोलादाला लागणारा कोकिंग कोळसा. त्याच्यासाठी १९७१-७२ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि तो पुरत नाही म्हणून आजही ऑस्ट्रेलियाहून जहाजं येतात.

मागणी एवढीच, की विकण्याआधी ही स्लरी रोळून घ्या. तांदळातले खडे आपण रोळूनच काढतो, तसंच हे. कोळशाची घनता १.३ च्या आसपास, त्यातल्या शेल दगडाची २.४ च्या पुढे. स्पायरल नावाच्या यंत्राच्या गोल उतरत्या पन्हाळीत स्लरी सोडली की जड दगड आतल्या बाजूला, खांबालगत सरकतो आणि राखाडी पट्टा उमटतो. काळा कोळसा बाहेरच्या कडेने धावतो. तळाशी एक पातं दोघांना वेगळं करतं. रसायन नाही, फिरता भाग नाही. खर्च काय तो पंपाचा.

फेसावर कोळसा तरंगवणारं फ्रॉथ फ्लोटेशन आहेच की, असं तुमचे अभियंते म्हणतील. ताज्या भुकटीसाठी ते ठीक. पण उघड्यावर पडून कोळशाचा पृष्ठभाग हवेने बिघडतो आणि फेस त्याला नीट धरत नाही. घनतेवर चालणाऱ्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं.

अर्थात ०.१ मिलिमीटरच्या खाली स्पायरलही हात टेकतो, म्हणून चिकणगाळ आधी हायड्रोसायक्लोनने काढावा लागेल. शिवाय आपल्या कोळशात राख कणाकणात मुरलेली. प्रत्येक तळ्यातून पोलादाला चालेल असा माल निघणार नाही. उरलेला वीजकेंद्रांना द्या.

नमुने मात्र तळ्यात स्लरी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी घेऊ नका. जाड कण तिथेच बसतात, बारीक गाळ पार पलीकडे जातो; काठावरचा नमुना हमखास गोड आकडा देतो. तळ्यात आडव्या-उभ्या रांगांत भोकं घ्या आणि कणांच्या आकारानुसार राखेचे आकडे जाहीर करा. सिंफर ही खाण व इंधन संशोधन संस्था आणि आयआयटी (आयएसएम) धनबादेतच आहेत, व्हीएनआयटीचा खाण विभाग आमच्या नागपुरात.

आणि निविदा उपसलेल्या टनांवर काढू नका, त्यात पाण्याचंही वजन भरतं. ठरलेल्या राखेच्या, कोरड्या कोळशाच्या टनालाच पैसे द्या; उरलेला गाळ दामोदर नदीत न सोडता निथळून बंद खाणीत भरण्याची अट त्याच करारात घाला.

कळावे,
नागपूरचा एक वाचक