म्हणे मासे पिल्लं खातात!

"शी! स्वतःचीच पिल्लं खातात हो हे मासे!" ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांच्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर एक सुस्कारा, "शेवटी जनावरच ते..." मला या वाक्याचा भयंकर राग येतो.

गोल्डफिशचंच घ्या. मादी शेकड्यांनी चिकट अंडी पाणवनस्पतींवर उधळते, मागोमाग नर ती फलित करतो, की संपला संसार. पुढ्यात आलेलं अंडं त्यांच्या लेखी खाणंच. तळ्यातही ते अंडी खातात, मान्य. पण तिथे दाट पानांत पुष्कळशी दडून राहतात. आपण काय देतो? काचेचा डबा, तळाशी निळे खडे आणि प्लॅस्टिकचा खजिना. लपायला जागा शून्य!

झेब्रा डॅनिओ तर आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. उजाडताच अंडी सोडतो. जाणकार लोक टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर देतात, अंडी फटींत पडतात आणि वाचतात. मासा तोच, फक्त तळ बदलला. मग क्रूर कोण?

गप्पी अंडी घालतच नाही, साधारण महिन्याभराने थेट पिल्लं देते. ती जन्मताच पोहतात, त्यांना दडायला हवा जावा मॉसचा झुपका. आपण मात्र गाभण मादीलाच वीतभर ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडतो. "आमच्याकडे गप्पी भराभर वितात, म्हणजे टाकी उत्तमच की!" अहो, गप्पी गटारातही वितात.

आणि वात्सल्यच बघायचं असेल तर फायटरचा नर बघा. तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर घरटं बांधतो, खाली पडणारं एकेक अंडं तोंडात धरून वर नेऊन ठेवतो, पिल्लं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो. हा बाप दुकानात कुठे असतो? लोणच्याच्या बरणीत! एंजलफिशची जोडी रुंद पानावर अंडी चिकटवून त्यांना परांनी वारा घालत बसते, पण सारखी दचकवली तर तीच अंडी गिळून टाकते. काचेवर टकटक करणारे आपणच ना?

तेव्हा मंडळी, मासा घेताना रंग आणि किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा, हा अंडी कुठे घालतो? ती जागा देता येत नसेल तर ठीक आहे, पण मग निदान त्याच्या आईबापपणाचा निवाडा तरी करू नका.