राणीचे ते दोन आठवडे

पावसाळा सरत आला की मधपाळांचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘राणी इटालियन घेऊ की कार्निओलन?’ मी उलट विचारतो, तिचे मीलन कुठे झाले आणि त्यानंतर तिला कसे वागवले?

कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत राणी मीलनासाठी झेपावते. मेलिफेराची राणी डझनभर किंवा त्याहून अधिक नरांशी हवेतच मीलन करते, आपली सातेरी बहुधा त्याहूनही जास्त नरांशी. परतताना पोटाच्या टोकाला पांढरट धागा लोंबत असला, तर काम झाले असे समजा. त्यानंतर तिच्या पोटात मोहरीच्या दाण्याएवढ्या पिशवीत सुमारे पन्नास लाख शुक्राणू राहतात आणि ते वर्षानुवर्षे जिवंत ठेवायचे असतात. प्राणवायूमुळे पेशींची जी झीज होते, ती थोपवणारी कॅटालेजसारखी विकरे कुमारी राणीपेक्षा मीलन झालेल्या राणीच्या या पिशवीत अधिक आढळली आहेत. म्हणजे मीलनाचा ताण सोसतानाच शरीर पुढच्या दोन-तीन वर्षांची तजवीज करत असते. तिथे राणी कोणत्या जातीची, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

ही तजवीज आपण मात्र एका दुपारीत उधळतो. राण्यांचे पिंजरे उन्हात उभ्या गाडीत ठेवून चहाला थांबणारे मी पाहिले आहेत. तापमान चाळिशीच्या वर काही तास राहिले तर पिशवीतले शुक्राणू मरू लागतात. राणी जिवंत दिसते, फिरते, अंडीही घालते. मग महिन्याभराने कामकऱ्यांच्या घरांतूनच नर निघू लागतात आणि दोष जातीवर जातो.

दुसरी चूक नरांच्या बाबतीत. ‘फुकट खातात’ म्हणून नरांची घरे खरवडून काढायची सवय सोडा. सातेरीच्या नरघरांच्या टोपीला मधोमध बारीक भोक असते, ते दिसले की चाकू बाजूला ठेवा. मेलिफेराचा नर अंड्यापासून मीलनक्षम व्हायला जवळपास पाच आठवडे लागतात. राणी तयार करायला सोळाच दिवस लागतात, म्हणून नरांची चौकट आधी लावावी लागते, राणीघरे नंतर.

या हंगामात नोंदवहीत जातीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा : अंडी पहिल्यांदा दिसली ती तारीख आणि प्रवासात पिंजरा कुठे ठेवला होता ते.