आधी गळा, मग दरी

सध्या आमच्या घरात एकच विषय गाजतो आहे. नातवाचा व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प विकायचा की ठेवायचा? मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने यात तोंड का घालावे, असे काही नातलगांना वाटेल. पण व्हॉल्व्ह तापेपर्यंत रेडिओसमोर ताटकळत बसून बिनाका ऐकणारी आमची पिढी. तेव्हा एवढा हक्क आम्हाला असावा!

माझे मत स्पष्ट आहे. अ‍ॅम्प विकू नये. दोष अ‍ॅम्पचा नाही, जोडणीचा आहे.

नातू लग्नसराईत नंदुरबार-शहाद्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याने हल्ली मल्टी-इफेक्ट्सची पेटी घेतली. एको, रिव्हर्ब, कोरस, काय हवे ते त्या एका पेटीत. गिटारची वायर पेटीत घातली आणि पेटीची वायर अ‍ॅम्पच्या पुढच्या तोंडात. खरखरीत, फाटलेला आवाज म्हणजे डिस्टॉर्शन मात्र अ‍ॅम्पचाच. परिणाम काय, तर नुसता चिखल! मग कुणी जाणकार म्हणाला, "जुने धूड काढून टाक."

आता हा चिखल होतो कसा ते पाहू. डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची शिखरे छाटणे. मोठा आवाज छाटला जातो, लहान आवाज त्या मानाने वर येतो. एको आधीच मिसळलेला असेल, तर त्याचे हळूहळू विरत जाणारे पडसादही मूळ सुराच्या बरोबरीला येऊन बसतात. शिवाय नवा सूर आणि मागच्याचा पडसाद एकदमच छाटले गेल्यामुळे त्यांच्यातून तिसरेच बेसूर स्वर निघतात.

शाळेची सहल तोरणमाळला गेली की मुले सीताखाईच्या कडेवरून हाका मारायची. एखाद्याचा गळा बसलेला असे. बसलेला आवाज गळ्यातून निघायचा आणि मग दरी तो परत द्यायची. आधी गळा, मग दरी. निसर्गाचा पदक्रम हा असा आहे. पेटी अ‍ॅम्पच्या पुढे लावणे म्हणजे दरी गळ्याच्या आधी आणणे!

अ‍ॅम्पमध्येही दोन भाग असतात. प्री-अ‍ॅम्प आवाजाला रूप देतो, पॉवर अ‍ॅम्प त्याला बळ देतो. या दोघांच्या मधली वाट म्हणजे इफेक्ट्स लूप. अ‍ॅम्पच्या पाठीमागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोके असतात. सेंडमधून पेटीत जायचे, पेटीतून रिटर्नमध्ये यायचे. एको, रिव्हर्ब, कोरस यांची जागा ही. वाह आणि जादा डिस्टॉर्शन यांची जागा मात्र पुढेच. पेटीला स्वतःचे सेंड-रिटर्न असेल तर चार वायरींत दोन्ही साधते. आपल्या मंडपवाल्याच्या मिक्सरवरही माइकचा एको साधारण असाच बाजूने फिरवून आणतात. त्यामुळे हे काही परदेशी गुपित नव्हे.

काही पथ्ये पाळावी लागतात. पेटीतली अ‍ॅम्प आणि स्पीकरची नक्कल बंद ठेवावी. खरा अ‍ॅम्प समोर असताना सोंग कशाला? काही लूपमधून सुमारे १.२३ व्होल्टची पातळी निघते, तर साध्या उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ चौपटीचा फरक. एवढा जोर पेटीला सोसला नाही तर ती फाटक्या आवाजात कुरकुरते. पातळीचे बटण असेल तर ते खाली करावे. लूप समांतर पद्धतीचा असेल, तर पेटीने फक्त एको द्यावा. मूळ सूर अ‍ॅम्प स्वतः पुढे नेतच असतो.

याला अपवादही आहे. जुन्या धाटणीच्या कित्येक अ‍ॅम्पना लूपच नसतो. आणि आवाज फार वाढवून पॉवर व्हॉल्व्हच फाटत असतील, तर लूपचा उपयोग नाही, कारण छाटणी त्याच्यानंतर होते. तिथे एको बाहेरच्या मिक्सरवर द्यावा. आणखी एक. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत शेकडो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ टिकतात. घरी उघडण्याचा उद्योग नको.

माझा राग पेटीवर नाही. नवे आले की जुने भंगारात, या घाईवर आहे. "राम आंबा खातो" या वाक्यात शब्द सगळे बरोबर असतात, पण जागा बदलल्या तर "आंबा राम खातो" होते. म्हणून आपण राम हाकलून देत नाही, वाक्य नीट लावतो!

नातवाला एवढेच सांगणे आहे. विकायचा निर्णय तुझा, पैसेही तुझे. पण गिऱ्हाईक बघण्याआधी दोन-तीन वायरी आण, पेटी लूपमध्ये लाव आणि तेच गाणे तेवढ्याच आवाजात वाजवून बघ. त्यानंतरही चिखलच राहिला तर खुशाल विक. वायरींचे पैसे मी देतो.