सरासरीआड दडलेली मुले

शाळांच्या वाचन-चाचण्यांचे निकाल घेण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो सरासरीलाच निवाडा मानण्यास. गुजरातेत 2009 साली 'गुणोत्सव' सुरू झाला आणि शाळांना श्रेणी मिळू लागल्या. पण बारडोली परिसरात ऊसतोडीसाठी खानदेशातून, डांगातून मजूर येतात. त्यांची मुले घरी अहिराणी वा डांगी बोलतात. गुजराती परिच्छेदाशी ती अडखळली, तर दोष शाळेचा कसा? घरी एक भाषा नि शाळेत दुसरी, याचा अर्थ येथील मराठी घरांना सांगावयास नको. शिवाय चाचणीच्या दिवशी फडात असलेले मूल कोष्टकात येतच नाही. त्याच्या गैरहजेरीने सरासरी उलट वर चढू शकते.

बारडोलीला ही गोष्ट नवी नाही. 1928 चा सत्याग्रह ज्या 22 टक्के सारावाढीविरुद्ध झाला, ती खंडाच्या न पडताळलेल्या आकड्यांवर उभी होती. ब्रूमफील्ड-मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा ती सुमारे 6 टक्क्यांवर आली.

तोच न्याय मुलांना मिळावा. पटावर किती, चाचणीस किती, घरची भाषा कोणती, चाचणी कोणी घेतली, हे प्रत्येक निकालाशेजारी छापावे. तोवर त्या श्रेणीस आम्ही निकाल म्हणणार नाही.