‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणजे नेमकं कोणी बदलायचं? इंग्रजीतल्या पाच क्रियापदांचा अर्थ समजून घ्या

मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा प्रवासी येतो आणि म्हणतो, ‘जरा अ‍ॅडजस्ट करा.’ बसलेले तिघे सरकतात, चौथ्याला निम्मी-अर्धी जागा मिळते. लग्न ठरलेल्या मुलीला घरचे सांगतात, ‘थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं.’ शिफ्ट बदलली की ऑफिसातही तेच ऐकू येतं. शब्द एकच, पण प्रत्येक वेळी सरकणारा माणूस वेगळा.

इंग्रजीत बदलाशी जुळवून घेण्यासाठी एक नव्हे, अनेक क्रियापदं आहेत. कोण बदलतंय, किती बदलतंय आणि स्वतःच्या मर्जीने बदलतंय का, यावरून त्यातलं योग्य क्रियापद ठरतं. आपण मात्र या सगळ्यांचं काम एकट्या ‘अ‍ॅडजस्ट’कडून करून घेतो. त्यामुळे अर्थाचा गोंधळ होतोच, शिवाय बदलाचा भार कोणावर पडला हेही झाकलं जातं.

पाच क्रियापदं, पाच अर्थ

अ‍ॅडजस्ट : छोटा, नेमका बदल. खुर्चीची उंची, आरसा, घड्याळाची वेळ आपण अ‍ॅडजस्ट करतो. माणसाबद्दल बोलताना ‘अ‍ॅडजस्ट टू’ म्हणजे नव्या परिस्थितीत हळूहळू रुळणं.

अ‍ॅडॅप्ट : हा बदल जास्त खोल असतो. वाळवंटातल्या निवडुंगाच्या पानांचे काटे झाले, ते अ‍ॅडॅप्टेशन. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ कादंबरीवरून 2013 मध्ये चित्रपट आला, तेही अ‍ॅडॅप्टेशनच. मूळ गोष्ट राहते, पण नव्या जागेसाठी रूप बदलतं.

अ‍ॅडॉप्ट : स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक, अर्थ मात्र वेगळा. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘निवडणे’ असा आहे. मूल दत्तक घेणं, नवी पद्धत स्वीकारणं म्हणजे अ‍ॅडॉप्ट. यात निर्णय घेणाऱ्याच्या हातात असतो.

अकोमोडेट : दुसऱ्याला सामावून घेण्यासाठी स्वतः जागा करून देणं. लोकलमधले तिघे सरकतात तेव्हा ते खरं तर चौथ्याला अकोमोडेट करत असतात.

कोप : निभावून नेणं. याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, तिथे अर्थ होता ‘प्रहार’. इंग्रजीतही आधी हे क्रियापद झुंजण्यासाठीच वापरलं जाई. म्हणजे ‘कोप’ करणारा माणूस रुळलेला नसतो, तो अजून झगडत असतो.

या चुका टाळा

‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत ‘अप’ येत नाही, फक्त ‘कोप विथ’. तसंच परिस्थितीशी जुळवून घेताना ‘अ‍ॅडजस्ट विथ’ नव्हे, ‘अ‍ॅडजस्ट टू’.

सर्वाधिक गोंधळ ‘यूज्ड टू’चा. ‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठणं अंगवळणी पडलंय. मुलाखतीत पहिलं वाक्य चुकून निघालं, तर समोरच्याला उलटाच अर्थ कळतो.

प्रश्न फक्त व्याकरणाचा नाही

ऑफिसच्या ई-मेलमधली ठरावीक भाषा पाहा : कंपनी नवी पद्धत ‘अ‍ॅडॉप्ट’ करते आहे, कर्मचाऱ्यांनी तिला ‘अ‍ॅडॅप्ट’ व्हावं. म्हणजे निवड एकाची, बदलायचं दुसऱ्याने. वाक्य व्याकरणाला धरून आहे, वाचायलाही गोड आहे. म्हणूनच त्यातली विभागणी पटकन लक्षात येत नाही.

कायद्याच्या भाषेत मात्र ही विभागणी स्पष्ट करावी लागते. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘रिझनेबल अकोमोडेशन’ ही संज्ञा आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून करायचे आवश्यक आणि योग्य बदल, असा तिचा आशय आहे. हे बदल करणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये, ही मर्यादाही त्यातच आहे. सरकारी आस्थापनांवर आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर ही जबाबदारी टाकली आहे. म्हणजे व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने पायऱ्यांशी जुळवून घ्यायचं नाही, कॉलेजने उताराची वाट करून द्यायची.

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात याच अर्थाने ‘रिझनेबल अ‍ॅडजस्टमेंट्स’ असे शब्द आहेत. तिथे ‘अ‍ॅडजस्ट’ व्हायचं ते मालकाने आणि संस्थेने. आपल्या रोजच्या बोलण्यात हाच शब्द बहुतेक वेळा उलट्या दिशेने जातो : सुनेकडे, नव्या कर्मचाऱ्याकडे, भाडेकरूकडे. ज्याच्या हातात निर्णय कमी, त्याच्या वाट्याला अ‍ॅडजस्टमेंट जास्त.

भारतीय इंग्रजीतलं ‘अ‍ॅडजस्ट’ चुकीचं आहे, असं इथे म्हणायचं नाही. गर्दीच्या शहरात एकमेकांसाठी सरकून बसण्याचं सौजन्य या शब्दाने जपलंय. पण तिथे आज सरकणारा उद्या स्वतः चौथा प्रवासी असू शकतो. घरात किंवा ऑफिसात कायम एकच जण सरकत असेल, तर त्याला सौजन्य म्हणता येणार नाही.

मराठीकडे यासाठी नेमके शब्द आहेत : रुळणं, जुळवून घेणं, सामावून घेणं, निभावणं, तडजोड. सुनेने ‘जुळवून घ्यावं’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : घराने तिला ‘सामावून घेतलं’ का? ‘अ‍ॅडजस्ट’ म्हटलं की हा प्रश्न विचारलाच जात नाही.

मग काय कराल?

असं वाक्य समोर आलं की त्याचा कर्ता शोधा. बदल कोणी निवडला आणि बदलायचं कोणी? उत्तर लिहिताना नुसतं ‘आय विल अ‍ॅडजस्ट’ लिहून थांबू नका. ‘आय नीड टू वीक्स टू अ‍ॅडजस्ट टू द न्यू शिफ्ट, कॅन द टीम अकोमोडेट धिस?’ असं लिहा. म्हणजे नव्या शिफ्टमध्ये रुळायला मला दोन आठवडे हवेत, टीम तेवढी सोय करू शकेल का? वाक्य नम्रच आहे, पण त्यात दोन्ही बाजूंना थोडं सरकावं लागतं.