शिवणीच्या खाचेतला टाका

आईच्या किंवा सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरी असतो. नेसवत नाहीत आणि बोहारणीला तर देववत नाहीत. मग घरात बाळाची चाहूल लागली की कुणी हौसेनं चौकोन कापून दुपटं करायला घेतं. वरचा भाग जोडून होतो, खाली अस्तर लागतं, चारी कडा बंद होतात. पण दोन धुण्यांतच आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होतं आणि पिळताना वरचं कापड ताण बसून फाटतं. बाजारचं कापड पुन्हा आणता येतं, आईची साडी कुठून आणणार?

तेव्हा आज थर धरून ठेवणाऱ्या टाक्याविषयी. आपल्या जुन्या पद्धतीच्या गोधडीत किंवा उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंदीत तुकडे मांडत मांडत कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जातात. तो हात बसायला वेळ लागतो. नवशिकीनं चौकोन आधी जोडून घ्यावेत आणि मग त्या जोडाच्या शिवणीलगतच सगळ्या थरांतून टाका घालावा. खडूनं रेघा आखायला नकोत; शिवण हीच रेघ!

साहित्य : 36 इंच चौरस दुपट्यासाठी साडेचार इंचांचे 81 चौकोन. पाव इंच माया ठेवून शिवले की प्रत्येक चौकोन चार इंचांचा होतो, म्हणजे नऊ ओळींत नऊ. आतल्या थरांसाठी आणि अस्तरासाठी 40 इंच चौरस तुकडे घ्यावेत. काठ अरुंद असतील तर एका पाचवारी साडीतून असे चार तुकडे निघतात. जरी मात्र काढून टाकावी, बाळाला टोचते. सगळं कापड सुतीच असावं आणि आधी धुऊन, इस्त्री करून घ्यावं. सुती आणि टेरिलीन एकत्र केलं तर एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि सुरकुत्या पडतात. लाल, निळ्या कापडाचा रंग जातो का तेही आधीच पाहावं. कापूस या पद्धतीत भरू नये. चार-चार इंचांच्या अंतरात तो सरकून गोळा होतो.

कृती : ब्लाउज शिवताना आपण माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करतो. ती सवय इथे नको. माया एकाच बाजूला पाडावी. पहिल्या ओळीतली उजवीकडे, दुसरीतली डावीकडे, असं आलटून पालटून. ओळी एकमेकींना जोडल्यावर आडव्या शिवणींची माया सगळी खाली पाडावी. आता बोट फिरवून पाहा : शिवणीची एक बाजू उंच लागेल, एक सखल. टाका नेहमी सखल बाजूला, शिवणीला अगदी चिकटून घालावा. तिथे मायेची जाडी नसते, सुई सहज जाते आणि उंच कडेच्या आडोशाला दोरा दिसेनासा होतो.

अस्तर उलटं पसरावं, त्यावर आतले थर, वर जोडलेला भाग सुलट. तळहातानं सुरकुत्या काढून मध्यापासून कडेकडे, चार-चार बोटांवर, मोठे कच्चे टाके घालावेत. टाचण्या नकोत; बाळाच्या वस्तूत एखादी राहून गेली तर पंचाईत. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करू नका. पुढची निम्मी कटकट तिथेच वाचते.

आधी आडव्या शिवणी घ्याव्यात. मधल्या दोनपैकी एकीपासून सुरुवात करून कडांकडे जावं, म्हणजे फुगा आला तर तो बाहेर सरकतो. मग उभ्या शिवणी. यांत प्रत्येक चौकोनाशी सखल बाजू बदलते, तेव्हा जोडापाशी टाकाही पलीकडे न्यावा.

हातानं की मशीनवर? : ‘मशीनची गोधडी ती काय गोधडी!’ असं घरात कुणी म्हणेल. तुम्ही आपलं कापडाकडे पाहून ठरवा. कापड धडधाकट असेल तर मशीन खुशाल वापरा. 14 किंवा 16 नंबरची सुई, इंचाला आठ-नऊ टाके. दोन्ही हातांच्या बोटांनी शिवण किंचित फाकवून धरावी, सुई खाचेत पडेल अशी. ओढू नये, मशीनलाच कापड पुढे नेऊ द्यावं. एका बाजूची गुंडाळी करून ती मशीनच्या आत ठेवावी. दर शिवणीनंतर उलटून पाहावं, अस्तराला चुणी असेल तर लगेच उसवावं.

साडी विरत आली असेल तर मात्र हातच बरा. मशीनच्या बारीक टाक्यानं जीर्ण कापडावर छिद्रांची रांग पडते आणि ते त्याच रेघेवर फाटतं. हातभर दोरा घ्यावा, गाठ हलकेच ओढून आतल्या थरात लपवावी आणि इंचाला पाच-सहा टाके घालावेत. दोरा ताणू नये. आठ आडव्या, आठ उभ्या अशा सोळाच शिवणी आहेत. रोज दुपारी एक घेतली तर सोळा दिवसांत काम होतं.

पण आईच्या साडीवर हात शिकू नका. उशीच्या जुन्या अभ्र्याचे नऊ चौकोन जोडून आधी नमुना करा. तो दोनदा धुवा, पिळा, वाळवा. थर जागच्या जागी राहिले तरच साडीला कात्री लावा.

शेवटी कच्चे टाके काढून, जास्तीच्या कडा कापून गोट लावावा. हे दुपटं मांडीवर घ्यायला, खेळताना बाळाच्या खाली अंथरायला उत्तम. तान्ह्या बाळाला झोपेत मात्र पांघरू नये, तोंडावर सरकू शकतं. आणि दुपट्याच्या एका कोपऱ्यात ती साडी कुणाची होती ते दोऱ्यानं लिहून ठेवा. बाळ मोठं झालं की विचारेल.