‘ओहाला’ : एका शब्दाचा मुक्काम

परीक्षा संपत आली की मुलं म्हणू लागतात, ‘कधी एकदा नानीकडे जातोय असं झालंय!’ हीच अधीरता स्पॅनिशमध्ये कशी सांगतात? ‘नो बेओ ला ओरा.’ शब्दशः अर्थ, ‘मला ती वेळ दिसत नाही.’ त्याहून सोपं म्हणजे ‘तेंगो मुचास गानास’, खूप इच्छा आहे. स्पेनमध्ये आनंदाचा बेत ठरला की ‘के इलुसिओन!’ म्हणतात. ‘इलुसिओन’ म्हणजे भ्रम, आणि येणाऱ्या सुखाची गोड हुरहुरही. मात्र इंग्रजी ‘एक्सायटेड’वरून ‘एक्सितादो’ म्हणू नये. त्याचा अर्थ चारचौघांत लाज आणणारा होऊ शकतो.

उर्दूत ‘इंतजार’ वेगळा, ‘उम्मीद’ वेगळी. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे, ‘एस्पेरार’. वाट पाहणं आणि आशा धरणं, दोन्ही त्यातच आलं.

पण आपल्या कानाला सर्वांत ओळखीचा वाटेल तो शब्द ‘ओहाला’. यातला ‘ह’ घशातून, उर्दूच्या ‘खे’जवळचा. त्याचं मूळ अंदलूसच्या अरबीत आहे : ‘लौ शा अल्लाह’, अल्लाहची मर्जी असेल तर. १४९२मध्ये ग्रॅनडा पडलं. १५६७च्या फर्मानाने अरबी बोलण्यावर बंदी आली. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को लोकांना देशाबाहेर काढलं. माणसं गेली, शब्द राहिला. आज तो माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत कुठल्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्या माणसाच्याही तोंडी आहे. त्याचं मूळ पुष्कळांना ठाऊकही नसतं.

‘ओहाला’नंतर क्रियापदाचं रूप बदलतं. ‘तू येतोस’ म्हणजे ‘बिएनेस’, पण ‘ओहाला बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस’. जे अजून हाती आलेलं नाही, त्यासाठी मराठीप्रमाणे वेगळं रूप.

म्हणूनच ‘येशील ना?’ या प्रश्नाला नुसतं ‘ओहाला’ हे उत्तर मिळालं, तर स्पॅनिश माणूस समजतो की मन आहे, पण जमण्याची खात्री नाही. तो वचन मानत नाही. आपण मात्र मुलांना टाळायचं असलं की ‘बघू, इन्शाअल्लाह’ म्हणून मोकळे होतो, आणि मूल बिचारं दिवस मोजत बसतं. जे आपल्या हातात आहे ते करायचं असेल तेव्हाच हा शब्द उच्चारावा. मुलं त्यावर विश्वास ठेवतात.